गोणपाटाला काही होत नाही

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. पाया पडले असं धरून चाल. खरंच पडले असते तर उठवायला दोन माणसं लागली असती, कंबर तशी झाली आहे. तुझा दमा कसा आहे, वहिनीचे गुडघे काय म्हणतात, दुकानात सायकली दुरुस्तीला येतात की नुसते फुकट हवा भरून घेणारे येतात, हे सगळं मी नीट विचारलं असं समजून पुढे वाच. उत्तर लिहायचे कष्ट घेऊ नकोस. तू चार ओळींच्या पत्रात तीनदा "बाकी ठीक" लिहितोस, आणि त्या बाकीत काय काय दडलंय ते मला वहिनीला फोन करून उकरून काढावं लागतं. इकडे आम्ही बरे आहोत. नवरा आहे तसा आहे, म्हणजे आहे.

तू म्हणशील, एवढं होतं तर फोन करायचा. फोनवर तू खोकतोस आणि मी ओरडते, दोघांनाही काही ऐकू येत नाही. शिवाय ही गोष्ट मला फोनवर सांगता येत नाही. का ते विचारू नकोस. माझं लिहिणं चौथीत सुटलं ते सुटलं, त्यामुळे जे ओरडून दोन मिनिटांत झालं असतं ते लिहायला दोन सुट्ट्या गेल्या. तर नीट वाच. भुवया चढवून वाचू नकोस.

मुद्द्यावर येते. मला ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय नाही. तू लिहिलंस, "फ्लूची लस तू घेतलीस असं कळलं, काही त्रास झाला का ते कळव, झाला नसेल तर पुढेमागे मीही घ्यायचं बघतो." हे वाचून मला आपल्या घरामागचा नाला आठवला. नाला भरला की पाणी किती आहे ते बघायला तू मला आधी उतरवायचास. माझ्या गुडघ्याच्या वर आलं नाही याची खात्री झाली की मग तू उतरायचास, तेही चपला हातात घेऊन, आणि वर आईला सांगायचास की मी हिला हात धरून पलीकडे आणली. तुझे केस पिकले, दात गेले, पण तू अजून काठावरच. त्रास झाला की नाही ते सांगते. पण नुसतं हो किंवा नाही लिहिलं तर तू तेवढंच वाचशील आणि पत्र हवा भरायच्या पंपाखाली ठेवशील. म्हणून मुळापासून सांगते.

आमचा धुलाईचा कारखाना तू पाहिला आहेस, म्हणजे दारातून पाहिला आहेस (आत वाफ आहे म्हणून तू बाहेरच थांबलास आणि माझा डबा दुसऱ्याच बाईच्या हातात देऊन गेलास, तो तिने खाल्ला). इस्पितळाच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, पडदे, सगळं येतं. पलीकडे मोठमोठी यंत्रं धुतात, मधे गरम रूळ, त्याखालून चादर कडक होऊन बाहेर येते, आणि मग आमचं घडीचं टेबल. मोठी चादर एकटीने घडी होत नाही. दोघी लागतात. दोन टोकं एकीने धरायची, दोन दुसरीने, एक झटका द्यायचा, मग एकमेकींकडे चालत यायचं, तिने तिची टोकं माझ्या हातात द्यायची, पुन्हा मागे जायचं. दिवसभर हेच. माझ्यासमोर कायम मलमल असायची. नवऱ्याचं तोंड मी जन्मात एवढ्या जवळून एवढ्या वेळा पाहिलेलं नाही जेवढं तिचं पाहिलं (त्याबद्दल माझी तक्रार नाही, त्याचीही नसावी). आमचं बोलणंसुद्धा तसंच होऊन गेलं होतं. जवळ आलो की एक वाक्य, लांब गेलो की गप्प. एक साधं भांडण मिटायला अख्खी गाडीभर चादरी लागायच्या.

इथे खऱ्या नावाने कोणी कोणाला हाक मारत नाही, ज्याच्या त्याच्या पोताप्रमाणे नाव पडतं. मलमल म्हणजे वाऱ्याने उडेल अशी बाई, माझ्याहून मोठी, आवाज एवढा बारीक की रूळ चालू असला तर ओठांकडे बघून समजून घ्यायचं. वर्षानुवर्षं वाफ आणि कापडाचा भुगा खाऊन तिची छाती तुझ्यासारखीच झालेली, जिना चढली की मधल्या पायरीवर थांबून भिंतीला काहीतरी विचारल्यासारखी उभी राहायची. दुसरी झालर. कुठलीही गोष्ट झालर लावल्याशिवाय तिच्या तोंडून बाहेर पडत नाही. आणि मी गोणपाट. मला वाईट वाटत नाही. गोणपाट दिसायला कसंही असो, टिकतं.

आता इथली एक रीत सांगते, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. आमच्या घडीच्या टेबलामागे भिंतीत एक खिळा आहे, त्याला नमुन्याचं फडकं टांगलेलं असतं. नवी पावडर आली, नवं औषध आलं, की आधी त्या फडक्यावर लावून बघायचं. फडकं नीट राहिलं तर मग बाकीच्या कपड्यांना. कोणी सुरू केलं माहीत नाही, पण मुकादमापासून झाडूवालीपर्यंत सगळे ते मानतात. फडकं असतं जुन्या जाड चादरीचं, कारण तेच हाताशी असतं. मागे एकदा नवी पावडर फडक्याला लावली, फडकं बगळ्यासारखं पांढरं झालं, सगळ्या खूश. मग तीच पावडर हॉटेलच्या जाळीच्या पडद्यांना लावली. पडदे बाहेर आले तेव्हा हॉटेलवाल्याने ते डोक्यावर धरून त्यातून मुकादमाकडे पाहिलं. मुकादम म्हणाला, जाळीच होती साहेब, जरा मोठी झाली. त्यातून कोणी काही शिकलं असेल असं तुला वाटत असेल तर तू आमच्या कारखान्यात काम केलेलं नाहीस.

तर इस्पितळाने एक नर्स पाठवली. त्यांच्या चादरी आम्ही हाताळतो, तेव्हा फ्लूची लस आम्हाला तिथेच टोचायची असं ठरलं होतं. पगार नुकताच झालेला, सगळ्यांची तोंडं बरी होती. नर्स बाई लहानखुरी पण खणखणीत. तिने सांगितलं की ही दरवर्षी घ्यावी लागते, कारण आजारही दरवर्षी वेष बदलून येतो. अंगात मुरायला दोनेक आठवडे लागतात. दंड दुखेल, थोडी कणकण येईल, ती जाईल. आणि ज्यांची छाती नाजूक आहे, वय झालेलं आहे, त्यांनी सगळ्यात आधी घ्या. हे तिने दोनदा सांगितलं. सगळ्यांनी माना हलवल्या. माना हलवायला आमच्याकडे काही कमी नाही.

नर्सने सामान मांडेपर्यंत चहाच्या टेबलावर सभा भरली. झालर म्हणाली, तिच्या मावसभावाच्या शेजाऱ्याने लस घेतली आणि त्याचं तोंड वाकडं झालं. त्या शेजाऱ्याला मी ओळखते, त्याचं तोंड जन्मापासून तसंच आहे, लग्नातल्या फोटोतही तसंच आहे. पण झालरला मधे तोडून उपयोग नसतो, ती तिथूनच पुन्हा शिवायला घेते. मग कोणीतरी म्हणालं, लस घेतल्यावरच फ्लू होतो. मग कोणीतरी म्हणालं, होत नाही पण झाल्यासारखं वाटतं. मुकादम म्हणाला, पटकन ठरवा, ओले गठ्ठे पडलेत. शेवटी जे ठरायचं तेच ठरलं. आधी एकीवर करून बघायचं. पुढच्या पगारापर्यंत ती धड राहिली तर मग बाकीच्या. सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं, आणि झालर म्हणाली, गोणपाटाला काही होत नाही.

मी गेले. शूर म्हणून नाही. चहा संपत आला होता आणि त्यांची चर्चा संपत नव्हती. मुंगी चावल्यासारखं होतं म्हणतात. मुंगी नव्हती, मुंगळा होता. पण तेवढंच.

त्यानंतर माझी जी दशा झाली ती लसीने नाही, या बायकांनी केली. माझ्यावर पहारा बसला. दुसऱ्या दिवशी दंड दुखत होता, म्हणून ओला गठ्ठा एकाच हाताने उचलला आणि तो मुकादमाच्या पायावर पडला. लगेच, हात गेला हिचा. डबा अर्धा परत नेला (सकाळी नवऱ्याशी वाजलं होतं, डबा त्याने भरला होता, त्यात काय होतं ते देव जाणे), लगेच, अन्न जात नाही हिला. जांभई दिली तर ग्लानी. क्लोरिनने डोळ्यांतून पाणी आलं तर मेंदूपर्यंत गेलंय. बॉयलरवाल्याने वाफ कमी सोडली म्हणून मी त्याला चार शब्द ऐकवले, तर झालर सगळीकडे सांगत फिरली की लस घेतल्यापासून गोणपाटाचा स्वभाव बिघडलाय. बॉयलरवाला बिचारा म्हणाला, नाही हो, हे आधीपासूनच आहे. माझ्या बाजूने बोलणारा तो एकटाच. घरी आणखी वेगळी तऱ्हा. नवरा पलंगाच्या पार कडेला जाऊन झोपायला लागला, आणि तिथून मला विचारतो, एका घरात एकाने घेतली की सगळ्यांना पुरते ना गं?

मलमलने मात्र एकदाही माझ्याकडे तसं बघितलं नाही. ती चादर घेऊन जवळ यायची आणि विचारायची, दुखतंय का. मी म्हणायचे, नाही. लांब जाऊन परत जवळ यायची आणि म्हणायची, खोटं. तिला लस घ्यायची होती, दादा. हे तू नीट वाच. ती घाबरत नव्हती. नर्स एक दिवस सोडून पुन्हा आली, त्यानंतर ती येणार नव्हती, ज्याला हवी त्याने इस्पितळात जायचं होतं. मी मलमलला म्हटलं, चल, मी बरोबर येते, दोन मिनिटांचं काम. ती म्हणाली, तुझा दंड अजून वर जात नाही, माझाही गेला नाही तर चादर कोण धरणार? आज इस्पितळाच्या तीन गाड्या आल्यात. तुझा बरा झाला की मी जाते. म्हणजे माझा हात धड होईपर्यंत तिने तिचा जपून ठेवला. दुसऱ्या दिवशी माझा दंड बरा झाला. तेव्हा नर्स गेलेली. मग इस्पितळात जायचं म्हणजे सुट्टीचा दिवस, सुट्टीच्या दिवशी तिच्या घरी पाणी येत नाही ते भरायला लांब जायचं, आणि बाकीच्या होत्याच, इतकी काय घाई, पगारापर्यंत थांबायचं ठरलंय ना, गोणपाटाचं काय होतं ते बघू. मी रोज एकदा तिच्यावर ओरडायचे. माझं ओरडणं इथे कोणी मनावर घेत नाही. रोज वाजणाऱ्या भोंग्यासारखं आहे ते, जेवणाची वेळ झाली एवढंच कळतं.

महिना संपत आला. मी ठणठणीत. पगाराला थोडेच दिवस राहिले होते, झालरसुद्धा म्हणायला लागली होती की नमुना पास झाला. तेव्हा मलमलला खोकला लागला. खोकला तिला नेहमीचाच, म्हणून पहिल्या दिवशी कोणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी ती जवळ आली तेव्हा तिच्या हातातली टोकं मला रुळाखालून आल्यासारखी गरम लागली. मी म्हटलं घरी जा. ती म्हणाली, ही गाडी संपू दे. गाडी संपली आणि ती चादरींच्या ढिगाला टेकून बसली ती तिथून उठली नाही. मुकादमाने स्वतः तिला उचलून चादरींच्या गाडीत ठेवलं आणि इस्पितळात नेलं. ज्या गाडीतून रोज घड्या जातात त्याच गाडीतून. वजन तेवढंच असेल.

भेटायच्या वेळेला मी गेले. नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा, वर कसलीतरी शिटी वाजत होती. मला बघून तिने खाली अंथरलेल्या चादरीची कड चाचपली, बोटाने कोपरा शोधला आणि मुखवटा जरासा बाजूला केला.

"ही घडी झालरची आहे," ती म्हणाली. "कोपरे जुळत नाहीत."

मी म्हटलं गप पड, दम लागेल. ती थोडा वेळ थांबली. जिन्यात थांबायची तशी.

"फडकं चुकीचं घेतलं गं आपण."

एवढंच. मी मुखवटा परत तिच्या तोंडावर बसवला आणि नर्स आली म्हणून मागे सरकले. आमची सवयच तशी होती. जवळ आलो की एक वाक्य, लांब गेलो की गप्प. ती गप्प झाली ती झाली.

नर्स तीच होती, आमच्याकडे आली होती ती. मी तिला बाहेर गाठून विचारलं की लस घेतली असती तर वाचली असती का, हो किंवा नाही एवढंच सांग. ती म्हणाली, असं छातीठोक मी सांगू शकत नाही, घेऊनही काही जणांना होतो, पण इतका वाईट व्हायची शक्यता कमी असते, आणि अशा छातीच्या माणसाला तर तेवढंच फार असतं. मला राग आला. खोटं बोलून नाही म्हणाली असती तर मला झोप लागली असती, हो म्हणाली असती तर निदान कोणावर तरी ओरडता आलं असतं. ती खरं बोलली, त्याचं काय करायचं ते मला कळलं नाही. मी तिला म्हटलं, तुमच्या चादरींच्या कडा उसवल्यात, शिवून घ्या. ती म्हणाली, बरं.

दोन दिवसांनी इस्पितळाच्या लाल पिशव्या आल्या. लाल म्हणजे जपून हाताळायच्या, थेट यंत्रात टाकायच्या, कोणाच्या अंथरुणावरच्या ते कधी कळत नाही. त्यांत मलमलची कुठली ते त्या दिवशीही कळलं नाही. पण मी सगळ्या पिशव्या एकटीने टाकल्या, कोणाला हात लावू दिला नाही.

आणि आता ऐक. त्याच आठवड्यात अख्खा कारखाना इस्पितळात रांगेत उभा. मुकादम, बॉयलरवाला, सगळ्या बायका, आणि सगळ्यांच्या पुढे झालर, बाही वर करून. बैल गेला आणि झोपा केला. झालर मला म्हणाली, तुला काही झालं नाही ना, म्हणून धीर आला. मी तिला म्हटलं, मी नमुना नव्हतेच. गोणपाटावर करून बघितलं तर गोणपाटाचंच कळतं. मलमलचं कळायला मलमलच लागली. ती रडायला लागली. रडताना तिने कशाला झालर लावली नाही, पहिल्यांदाच. मग मीच तिच्या दंडावर कापूस धरून बसले, मला दुसरं काय येतं.

खिळ्यावरचं फडकं मी काढलं आणि बॉयलरमध्ये टाकलं. मुकादम म्हणाला, आता नवी पावडर कशावर बघायची? मी म्हटलं, डब्यावर लिहिलेलं वाचायचं. तो म्हणाला, तुला कुठे वाचता येतं धड? मी म्हटलं, हळूहळू वाचीन.

तर हे असं आहे. तू लस घे किंवा नको घेऊस, तुझी छाती, तुझी सायकल, तुझी वहिनी. (माझी वहिनी, तुझी बायको, समजलं ना.) मी सांगणारी कोण? मला रजा मिळत नाही, तुझ्याकडे यायला सवड नाही, आणि तुझ्या तोंडाला लागायला दम नाही. पत्र पोचलं की पंपाखाली ठेव. वहिनीला नमस्कार, घरातल्या लहानांना माझा धाक.

तुझी बहीण,
(इकडे गोणपाट म्हणतात)

ता. क. वहिनीलाही घ्यायला सांग. ती म्हणेल गुडघ्यांना चालेल का. गुडघ्यांचा संबंध नाही, मी विचारलंय. आणि तू म्हणशील आधी तिला देऊ, मग मी बघतो. ते जमणार नाही. यावेळी नाल्यात आधी तू उतरायचंस.

ता. क. वर रजेचं लिहिलं ते खरं नाही. रजा घेतली आहे. या रविवारी पहिल्या गाडीने येते, सोमवारी सकाळी तुमच्या दवाखान्यात जायचंय, तिथल्या बाईंशी बोलून ठेवलंय. दुकानाला कुलूप लावून ठेव. पळून जायला सायकल काढलीस तर सगळ्या टायरांतली हवा सोडीन. हे पत्र त्यासाठीच होतं, बाकी सगळं बाकी ठीक.

ता. क. तू विचारलं होतंस, लस घेऊन काही त्रास झाला का. दंड दुखला, तीन दिवस. दुसरं काही झालं नाही. कामही चालू आहे. मुकादम समोर झालरला देतो म्हणत होता, मी नको म्हटलं. त्या फडक्याचा खिळा रिकामा आहे, चादरीचं एक टोक त्याला अडकवते आणि दुसऱ्या टोकाकडून एकटीच घडी घालत जाते. होते घडी. कोपरेही जुळतात. फक्त खिळा काही चालत पुढे येत नाही.